उत्तरेच्या भिंतीवरचे पाइप

रामकृष्ण आंब्रे माणसांची पारख नळासारखी करायचा: दाब किती, गळती कुठे, आणि जास्त पिळलं तर चावी हातात येणार की काय. देवरुखहून ओमानात येऊन मस्कतजवळच्या अल खौदमध्ये प्लंबिंगचं दुकान थाटल्यापासून या पारखेनं त्याला फारसा दगा दिला नव्हता. तिकडे शेठला अर्बाब म्हणतात, आणि त्याच्या हिशेबात अर्बाब सलीम हा अव्वल माल. बोलायला कमी, शब्दाला पक्का, आणि जबल अखदर डोंगराच्या माथ्यावर पाहुण्यांसाठी ओळीनं दगडी बंगले बांधायचं त्यानं मनावर घेतलेलं. पहिल्या बंगल्याचे नळ-पाइप रामकृष्णनं उन्हाळ्यात बसवून दिले होते. थंडीत अर्बाबचं कुटुंब तिथे राहून बघणार, आणि सगळं मनासारखं झालं तर उरलेल्या बंगल्यांचं कामही रामकृष्णलाच, असं ठरलं होतं.

काम मिळणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पाइप टाकताना त्यानं खास डोकं लढवलं होतं. मस्कतच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं, की लोक गिझर बंद ठेवतात आणि गिझरमध्ये निवलेलं पाणी गार म्हणून अंगावर घेतात. त्या छळातून अर्बाबला वाचवायचं म्हणून रामकृष्णनं सगळे पाइप बाहेरून, उत्तरेच्या भिंतीवरून नेले. तिकडे ऊन फारसं फिरकत नाही. अर्बाबचा हात धरून त्यानं तो गारवा दाखवलाही होता, आणि अर्बाबनं खूश होऊन मान डोलावली होती.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी उस्मानचा फोन आला. उस्मान दापोलीकडचा, बंगल्याची राखण आणि स्वयंपाक दोन्ही त्याच्याकडे. नळ कोरडे पडलेत, म्हणाला. रामकृष्णनं दुकानात बसल्या बसल्या निदान केलं: पाइपात हवा अडकलीय, सगळे नळ उघडून ठेव. हवा नाही, बर्फ झालाय, असं उस्माननं सांगितल्यावर तो एवढा हसला की समोरच्या गिऱ्हाइकानं हातातला शॉवर खाली ठेवला. ओमानात बर्फ म्हणजे सुरमईच्या पेटीतला.

पण संध्याकाळी अर्बाबचं कुटुंब येणार होतं. रामकृष्ण जीप काढून घाट चढला. वर पोचला तर उस्मान दोन स्वेटरांवर कोट चढवून दारात उभा. त्यानं चहा दिला आणि शेजारी एक बशी ठेवली. बशीत रात्री बाहेर राहिलेल्या बादलीवरची बर्फाची चकती होती.

"घ्या रामभाऊ," उस्मान म्हणाला, "तुमची हवा."

रामकृष्णनं चकतीला बोट लावून बघितलं, चहा संपवला आणि कामाला लागला. उस्मान उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन निघाला होता, त्याला त्यानं अडवलं. एकदम कढत पाणी पडलं तर प्लास्टिकचा पाइप तडकला असता. नळ उघडे ठेवून, कोमट पाण्यात पिळलेली फडकी नळाच्या बाजूनं गुंडाळत गुंडाळत ते टाकीकडे सरकत गेले, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली. पाइपाचा एक कोपरा फुटला होता, तो बदलला. दुपार कलताना नळ खाकरले आणि वाहायला लागले.

आता प्रश्न रात्रीचा. भिंतीवरचे पाइप एका संध्याकाळीत हलवता येणार नव्हते. त्यांना जुनी ब्लँकेटं बांधली, पण रामकृष्णचा त्यावर भरवसा बसेना. मग त्याच्या ध्यानात आलं, की चहाला पाणी होतं. कुठलं? उस्माननं सांगितलं, त्याच्या खोलीमागच्या मोरीतलं. तो नळ सकाळीही चालू होता. भिंत तीच, पाइपही तसाच. फरक एवढाच, की त्या नळाचा वॉशर गेलेला. तो बदला म्हणून उस्मान उन्हाळ्यापासून मागे लागला होता, आणि रामकृष्णला सवड मिळाली नव्हती. नळ रात्रभर गळत राहिला, पाणी हलत राहिलं, म्हणून गोठलं नाही.

"म्हणजे जे काम तुम्ही केलं नाहीत, तेवढंच टिकलं," उस्मान म्हणाला.

टोमणा रास्त होता. रामकृष्णनं तो खिशात टाकला आणि घरातला एकेक नळ बारीक धारेला लावून प्रत्येकाखाली बादली ठेवली.

अंधार पडता पडता अर्बाब आला. बरोबर बायको, सासू आणि मुलांची फौज. आल्या आल्या तो घरभर फिरला आणि दिसेल तो नळ घट्ट पिळत सुटला. डोंगरावर पाणी टँकरनं चढतं; तिथे गळका नळ म्हणजे पापच. सासूबाईंनी मागून जिभेनं चकचक केलं.

अर्बाबच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही, हा रामकृष्णच्या धंद्याचा पहिला नियम. "हो अर्बाब" म्हटलं असतं तर संध्याकाळ निभावली असती आणि सकाळी सगळे बंगले हातचे गेले असते. त्यानं हिशेब केला आणि अर्बाबच्या पुढे जाऊन बंद केलेला नळ पुन्हा सैल केला.

"पाइप मी चुकीच्या भिंतीवर टाकले, अर्बाब," तो हिंदीत म्हणाला. "आज ही धार थांबली, तर उद्या घरात पाणी नाही. बादल्या वाया जाणार नाहीत, पण नळ चालू राहू दे."

अर्बाबनं नळावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, बाकीचे तुझ्या म्हणण्यासारखे ठेव. माझ्या बाथरूमचा बंद राहील. या डोंगराची थंडी मी लहानपणापासून बघतोय.

रामकृष्णनं त्यावर वाद घातला नाही. एवढी सूट त्यालाही परवडणारी होती.

पहाटेच्या नमाजाआधी अर्बाब शाल लपेटून बाहेर आला. मुलांच्या बाथरूममधली भरलेली बादली त्यानं उचलली आणि त्या पाण्यानं हात-तोंड-पाय धुऊन वजू केला. रामकृष्ण स्वयंपाकघरात जागाच होता. उस्मान बोलायला तोंड उघडत होता, त्याच्या हातात त्यानं खजुरांची ताटली दिली.

नमाज झाल्यावर कहवा पिताना अर्बाबनं विचारलं, पुढच्या बंगल्यांत पाइप कुठून नेशील?

"भिंतीच्या आतून, वर फोम गुंडाळून," रामकृष्ण म्हणाला. "आणि बंगला रिकामा असेल तेव्हा सगळं पाणी काढून टाकायला खाली एक वॉल्व्ह. ज्याच्या नकाशात हे नसेल, त्या बंगल्याला मी हात लावणार नाही."

अर्बाबला अट घालायची त्याची ही पहिलीच वेळ. अर्बाबनं कप हलवून कहवा पुरे म्हणून खूण केली.

"खलास, ठरलं. नकाशे गाडीत आहेत. यल्ला, चल, आधी माझा नळ सोडव."

रामकृष्णनं उस्मानला फडकी भिजवायला सांगितलं, आणि स्वतः नकाशांसाठी अर्बाबकडून गाडीची किल्ली मागून घेतली.