एका वेळी एकच माणूस

माझा धाकटा भाऊ हुमान जन्माचा आडदांड. दारात पाहुणा उभा असला तरी हा आधी आत शिरायचा, चहा आला की पहिला पेला उचलायचा. एल्बुर्झ डोंगरातल्या आमच्या गावात याची लाज वाटते लोकांना. तेहरानहून आलेल्या नादेरपूर इंजिनियरांसमोर त्याने तेच केलं, तेव्हा मी त्याला अंगणात नेऊन चांगला झापला. पाहुण्याच्या पुढे पाऊल टाकलंस तर माझा भाऊ म्हणवू नकोस, असंही बोललो. राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही.

तीन दिवसांनी आम्ही तिघं वरच्या निवाऱ्यातून स्कीवर परतत होतो. वाटाड्या मी. गावाच्या वर शेवटचा एक उतार आडवा ओलांडावा लागतो. बर्फ तपासायला त्याच्या कडेला मी फावड्याने खड्डा खणला. वर हातभर घट्ट थर आणि त्याखाली साखरेसारखे सुटे कण. फावडं टेकवलं तर वरचा थर अलगद सरकला. मागे फिरावं तर निवाऱ्यातलं रॉकेल संपलेलं, आणि दुपारी वादळ येणार होतं. मी दोघांना बजावलं: एका वेळी एकच माणूस. एकाचं वजन कदाचित पेलेल, दोघांचं नाही. पलीकडे पोचलेल्याने हात वर केला की मगच पुढच्याने निघायचं.

पहिला मी गेलो. पलीकडच्या खडकापाशी पोचून हात वर केला.

कुणी हलेना. हवा शांत होती, त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"इंजिनियरसाहेब, आधी तुम्ही."

"छे हो, तुम्ही इथले. तुमचा मान पहिला."

"पाहुण्याच्या पुढे नाही जायचा मी. दादा जीव घेईल माझा."

दोघं हसले. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. सुधारला एकदाचा, असं मनात आलं, आणि त्या समाधानात मी ओरडायचा राहिलो. इंजिनियरांनी हुमानचा दंड धरला. आमच्याकडे 'आधी तुम्ही' करत दारात अडलेली माणसं शेवटी करतात तेच त्यांनी केलं. दोघं बरोबरच निघाले.

मी "एकेकटे" म्हणून ओरडेपर्यंत ते वीसेक हात आत आले होते. बर्फ आतून धप्पकन बसला, वर एक रेघ उमटली आणि अख्खा उतार सुटला.

इंजिनियर कडेला फेकले गेले, कमरेपर्यंतच गाडले. हुमान कुठेच दिसेना. गाडलेल्याचा माग लागावा म्हणून छातीवर बांधतात त्या त्याच्या यंत्राची खूण माझ्या यंत्रावर धरून मी खणत राहिलो, आणि इंजिनियर स्वतःला मोकळं करून शेजारी नुसत्या हातांनी उकरू लागले. पाऊण तासाने त्याचा हातमोजा लागला. तोवर सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी मशिदीत शोकाला गाव जमला. दारात इंजिनियर आणि मी समोरासमोर आलो. ते बाजूला सरले, सवयीने पट्टी बांधलेला हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "आधी तुम्ही."

मागे माणसं खोळंबली होती. हुमान शिरायचा तसा, कुणाकडे न बघता, मी आत शिरलो.