देवळावरचं घर

जहाज बंदराला लागलं की गाइडचं काम करणाऱ्या कालिरोईला जेवायचीही फुरसत मिळत नसे. म्हणून त्या दिवशी तिची आई एवान्थिया चीज-पाव बांधून घेऊन स्वतःच देवळाच्या अवशेषांपाशी गेली. तेवीस वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. एके काळी तिथेच, जमिनीखाली गाडलेल्या देवळाच्या खांबांवर, तिचं घर उभं होतं. विहीर खणताना तिच्या नवऱ्याला, स्तमातिसला, कोरीव दगड लागला आणि त्याने भाबडेपणाने आपणहून सरकारला कळवलं. वर्षभरात उत्खननासाठी घर पाडलं गेलं. पुढे दोन वर्षांत स्तमातिसही गेला.

अथेन्सचे प्रवासी सावली शोधत उभे होते.

"इथे आधी काय होतं हो?" एका बाईने विचारलं.

"काही नाही," कालिरोई घड्याळ बघत म्हणाली. "बकऱ्यांचे दोन-चार गोठे होते, ते हटवले."

एवान्थिया गर्दीत घुसली. "गोठे? अगं, त्याच गोठ्यात जन्मलीस तू! त्या बाई उभ्या आहेत ना, तिथे!"

प्रवासी हसले. कुणीतरी दोघींचा फोटो काढला. कालिरोईने आईला दंडाला धरून बाजूला नेलं.

"आई, यांना अर्ध्या तासात जहाजावर परतायचंय. तुझं रडगाणं कुणाला ऐकायचंय?"

"मला वाटलं, तुला तरी."

"मी तीन वर्षांची होते गं. मला ते घर आठवतसुद्धा नाही."

एवान्थियाने पुडकं तिच्या हातात ठेवलं आणि ती फाटकाकडे चालू लागली. मागे कालिरोईने पुन्हा सुरुवात केली, "तर मंडळी, हे खांब..." तिचा आवाज अगदी बापासारखा खणखणीत होता.