हात लावण्याआधी

सकाळी दहा वाजता, अंधेरीत चार बंगल्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये, सातो आजी पलंगाच्या कडेला बसल्या. जपानी इंजिनिअरची ही आई न्हाणीत घसरून पडल्यापासून कुणालाही अंगाला हात लावू देत नव्हती. आजही उभ्या राहिल्या नाहीत, तर शनिवारच्या विमानाने त्यांना जपानच्या इस्पितळात धाडायचं, असं मुलाने ठरवलं होतं. आजींना नातीला सोडून जायचं नव्हतं.

सांभाळायला दोन बाया होत्या, मीरा आणि नलिनी.

"काखेत हात घाल आणि उचल झटक्यात," नलिनी म्हणाली.

"म्हणूनच तुझ्या हातावर ओरखडे आहेत ना?"

मीराला आजींच्या सुनेने शिकवलं होतं: आधी सांगायचं, होकार येईपर्यंत थांबायचं, मगच धरायचं.

"शित्सुरेई शिमासु," मीरा म्हणाली. माफ करा, हात लावते.

आजींनी तिच्या हातांकडे पाहिलं. मीराने हात पुढे केला नाही.

"अगं, धर ना यार!"

"थांब गं."

"हाय," आजी हळूच म्हणाल्या. म्हणजे हो.

मीराने त्यांना धरलं. "ताचिमाशो." उभ्या राहू या.

"हाय!"

आजी उठल्या! एक पाऊल पडलं, मग दुसरं.

"झकास!" नलिनी टाळ्या पिटत पुढे धावली.

"युक्कुरी, युक्कुरी," आजींनीच तिला दटावलं. सावकाश!

दारात उभा राहून पाहणारा मुलगा शनिवारचं तिकीट रद्द करायला फोनकडे पळाला. दुपारचे बारा वाजले तरी विमान कंपनीची लाइन लागली नव्हती; तो पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होता.