मुंगी न लागलेला पुडा

"खा की! तूच खाऊन बघ," म्हणत बायडाबाईंनी पुडा बिबीजानच्या पुढ्यात आपटला. "ह्येला भडंग म्हनायचं का भिजवलेलं पोहं?"

बिबीजाननं चार दाणे तोंडात टाकले. दाताखाली काही वाजलंच नाही. चुरमुरा टाळूला जाऊन चिकटला आणि नुसती मिठाची चव राहिली. ती पाणी प्यायली.

शाहूपुरीतल्या बायडाबाईंचं भडंग म्हणजे सोपं काम नव्हतं महाराजा! लसणाची फोडणी पडली की समोरच्या दुकानातला मुनीम शिंकत शिंकत बाहेर यायचा. सगळ्या गल्लीची ती बायडाक्का. आणि त्या भडंगाला लागणारे रद्दीचे पुडे चिकटवायची मागच्या गल्लीतली बिबीजान. तिचा नवरा इमाम पुस्तकं बांधायचा. तो गेल्यापासून या पुड्यांवरच तिची चूल पेटत होती.

कोपऱ्यात ज्ञानू बशीतला चहा फुंकत बसला होता. जोतिबाच्या डोंगरावर त्याचं दुकान. नारळ, गुलाल, पेढे आणि बायडाक्काचं भडंग विकायचा. परत आलेला माल त्यानंच आणला होता.

"भाभी, तुमच्यावर राग न्हाय माजा," तो म्हणाला. "पर श्रावणात डोंगरावर ढग दुकानात शिरतंय. सकाळी टांगल्याला पुडा दुपारी सादळतोय. षष्ठीची यात्रा तोंडावर आलीया. गिऱ्हाईक माज्या तोंडावर फेकून मारंल का न्हाय?" त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. "ह्यो जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याचा माल. चार दिस टांगलाय. आता ऐका."

त्यानं घास घेतला. कुरुम्‌ कुरुम्‌ आवाज चुलीपर्यंत आला.

अठ्ठ्याहत्तर साल होतं ते. प्लास्टिकच्या पिशव्या कोल्हापुरात नव्यानंच दिसायला लागल्या होत्या. तोंड मेणबत्तीवर धरायचं, करपवून चिकटवायचं, झालं काम. खळ नको, कागद नको आणि बिबीजानही नको. एवढं तिला न सांगता कळलं.

"मग मीबी मेनबत्तीच आनते," बायडाक्का म्हणाली.

"आनशीला. पर आदी वास घ्या ह्येचा," बिबीजान म्हणाली आणि ती पिशवी तिनं बायडाक्काच्या नाकाखाली धरली.

बायडाक्कानं हुंगलं आणि नाक मुरडलं. लसूण कुठंतरी लांब होता. पुढं होता तो जळक्या मेणबत्तीचा वास. आपल्या लसणाचाही असा अपमान होणं तिला सोसणारं नव्हतं.

"यात्रेपतोर येळ द्या," बिबीजान म्हणाली. "कागदातच कुरकुरीत ठिवून दावते. न्हाय जमलं तर मी खळीचं पातेलं पालथं घालते."

बोलून तर बसली!

मग तिच्या खोलीत जो उद्योग सुरू झाला तो विचारू नका. खाकी कागद दुहेरी करून पाहिला, दमट हवेनं तो दोन दिवसांत लोळागोळा झाला. कागदाला तेल चोपडलं तर भडंगाला खवट वास आला. पळसाची पानं आत घातली. ओली घातली तर भडंग ओलं, वाळकी घातली तर पानाचाच चुरा. शेजारीण म्हणाली, "बिबी, भडंगासाटी येडी हुनार तू." बिबीजान म्हणाली, "हुईन. पर पुडा करूनच."

शेवटी इमामच धावून आला म्हणायचं. पुस्तक शिवायचा दोरा तो मधमाशीच्या मेणावर ओढून घ्यायचा, म्हणजे दोरा कुजत नसे. मेणाचा तो काळपट गोळा अजून फळीवर होता. तिनं तो वितळवला, खाकी कागदाला कुंचल्यानं फासला आणि वरून कोळशाची इस्त्री फिरवली. मेण कागदात मुरलं. पाण्याचा थेंब टाकला तर थरथरत वरच राहिला.

एकच कटकट होती. इस्त्री फिरवताना दोन कागदांच्या कडा एकमेकींवर आल्या की चिकटून बसायच्या. मग सुरीनं सोडवत बसा! बिबीजान कागदांना शिव्या घालायची आणि सोडवायची. मग इमामच्या जुन्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवून तिनं झकास पुडे चिकटवले. एक पुडा भरून न्हाणीत, बंबाच्या वाफेवर टांगून ठेवला. चार दिवसांनी फोडला. कुरुम्‌!

आनंदानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज ऐकायला आपला माणूस नाही, हेही त्याच क्षणी आठवलं.

ज्ञानू यात्रेच्या आदल्या दिवशी भरलेले पुडे पोत्यात घालून एस.टी.नं घेऊन गेला. षष्ठीच्या सकाळी बिबीजान उरलेले पुडे द्यायला बायडाक्काकडं गेली, तर बायडाक्का दारातच उभी.

"ये माजी बाई! चा घे आदी." बायडाक्का कधी कुणाचं कौतुक करायची नाही, पण आज तिची कळी खुलली होती. "खरं सांगू का? ह्या पावसात घरभर मुंग्यास्नी ऊत आलाय. साखरेला लागल्यात, दान्याला लागल्यात, माज्या आंथरुनात शिरल्यात मुडद्या! पर तुज्या पुड्यावर एक मुंगी न्हाय. लांबनंच वळून जात्यात. काय जादू केलीस गं?"

बिबीजान हसली, आणि हसता हसता तिचं तोंड तसंच राहिलं.

तिनं भरलेले पुडे ठेवलेल्या फळीकडं पाहिलं. मुंग्यांची काळी रांग भिंतीवरून येत होती, पुड्याच्या चिकटवलेल्या शिवणीपाशी थबकत होती आणि वळसा घालून पुढं जात होती.

मोरचूद.

पुस्तकं बांधणाऱ्याच्या घरात टिकाऊ कामाची खळ मोरचुदाशिवाय चुलीवरून उतरत नाही. निळाशार खडा कुटून चिमूटभर टाकायचा, म्हणजे झुरळ, कसर, मुंगी पुस्तकाच्या वाटेला जात नाही. विषच ते. रद्दीच्या पुड्यांना बिबीजान साधी कणकेची खळ लावायची. आज चिकटवला, उद्या रस्त्यावर. पण हे पुडे टिकवायचे होते, जीव लावून केले होते. टिकाऊ काम म्हटल्यावर तिचा हात आपोआप बाटलीकडं गेला होता आणि तिला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

"अक्का," ती कशीबशी म्हणाली, "खळीत मोरचूद पडलाय."

बायडाक्काचा चेहरा उतरला, पण बाई खमकी. "चिमूटभर का? मग काय हुतंय. शिवनीला भायेरनं लागलाय, भडंगाला न्हाय. गप ऱ्हा. कोन मरत न्हाय त्येनं."

"अक्का, पुडा कुटनं फोडत्यात मानसं?"

बायडाक्काचा हात नकळत तोंडाकडं गेला. सगळं कोल्हापूर पुडा दातानं फोडतं, आणि फोडतं ते शिवणीवरच.

"मी डोंगरावर जाते," बिबीजान म्हणाली.

"जाऊन काय बोंबलनार? माज्या भडंगात ईख हाय म्हनून? आगं, माजं नाव बुडंल!"

"तुमचं नाव न्हाय घेत. माजं सांगते."

"मग जा! आनि परत माज्या दारात यिऊ नगंस," बायडाक्का कडाडली.

बिबीजान पदर खोचून निघाली.

डोंगरावर ढग उतरला होता. दोन हातांवरचा माणूस दिसत नव्हता, नुसता 'चांगभलं'चा गजर ऐकू येत होता. चुकत, धक्के खात ती ज्ञानूच्या दुकानापाशी पोहोचली. सुतळीवर तिचे खाकी पुडे ओळीनं टांगले होते, एकदम ताठ. ज्ञानू खुशीत होता.

"आलासा भाभी? जिकलं तुमी! निम्मा माल उटला. ह्या पावन्यास्नी आवाज ऐकवतो, थांबा." त्यानं पुडा दातात धरला.

बिबीजाननं तो हिसकावून घेतला.

"खाऊ नका! माज्या खळीत मोरचूद पडलाय. भडंग चांगलं हाय, चूक माजी हाय. ह्ये पुडं मी केल्यात."

"हळू बोला की वो!" ज्ञानू कासावीस झाला.

"मोट्यानंच बोलनार," ती म्हणाली, आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहून अशी ओरडली की तिचा तिलाच आवाज ओळखू येईना. "खाकी पुड्यातलं भडंग कुनी घेटलंय? खाऊ नका! हिकडं आना!"

कुणी हसलं. कुणी म्हणालं, बाईला वारं आलंय. पण लोक पुडे आणून द्यायला लागले. ती पायऱ्यापायऱ्यांनी फिरली, माणसामाणसाला विचारत. एका ओवरीत एक चिमुरडी पुड्याचं टोक चोखत बसलेली दिसली. बिबीजाननं पुडा ओढून घेतला, पोरीच्या तोंडात बोट घालून पदरानं जीभ पुसली, खळखळून चूळ भरायला लावली. पोरगी किंचाळली. तिची आई धावून आली, "माज्या लेकराला हात का लावला?" म्हणून तिनं बिबीजानला ढकलून दिलं. बिबीजान पडली, उठली, हात जोडून सगळं सांगितलं आणि तिथंच बसून राहिली. पोरगी पुन्हा खेळायला लागली तेव्हाच उठली. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. पण हे कळेपर्यंत बिबीजानचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आता माजं ऐका," परत आल्यावर ज्ञानू म्हणाला. त्याचा आवाज थंड होता. "तुमचं कागदाचं खूळ बास झालं. उद्यापासनं पलॅस्टिक."

उरलेला माल पोत्यात भरून ती एस.टी.च्या थांब्यावर आली. ढग जरा फाटला होता. खाली उतारावर करवंदीच्या जाळ्यांना प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या अडकून फडफडत होत्या. सडणार नाहीत, जाणार नाहीत. पण आज कुणाला काही म्हणायचं तोंड तिला उरलं नव्हतं.

घरी येऊन तिनं भडंग परड्यात खड्डा काढून पुरलं. पुडे चुलीत घातले. ज्वाळा हिरवी निघाली. मोरचुदाची बाटलीही खोल गाडली. मग ती पातेलं घेऊन बसली. इमाम रोज सकाळी त्यात खळ ढवळायचा, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत तर दोन दोनदा. त्याच्या हाताच्या पळीनं पातेल्याचा तळ एका बाजूनं झिजला होता. तिनं तो तळ पदरानं पुसला आणि पातेलं माळ्यावर पालथं घातलं. घरात इमामचा जो वास उरला होता तो त्या खळीचाच होता. आता तोही जाणार म्हणून ती पोटभर रडली.

रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि कागद पुढं ओढले. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर कान धरून सोडून दिलं असतं. बिबीजानला मात्र आता पुडा केल्याशिवाय मरायचंही नव्हतं.

मोरचूद घातला तर विष, नाही घातला तर मुंग्या खळ खाणार. म्हणजे खळच नको. पण खळीशिवाय पुडा चिकटणार कसा? दोऱ्यानं शिवला तर भोकांतून ओल शिरली. गुलालाच्या पुडीसारख्या घड्या घालून पाहिल्या, कोपऱ्यातून भडंग सांडलं. वैतागून ती पुन्हा कागदाला इस्त्री करायला बसली. दोन कडा एकमेकींवर आल्या आणि चिकटल्या. सवयीनं तिनं सुरी उचलली, शिवी ओठांवर आली, आणि ती तशीच थांबली.

"या अल्ला," ती म्हणाली. "मी सोडवत काय बसलेय!"

तिनं कड कडेवर ठेवली आणि इस्त्री दाबली. मेणाला मेण बसलं. ओढून पाहिलं तर कागद फाटला, पण कड सुटली नाही.

भरलेला पुडा तिनं न्हाणीत नाही, मुद्दाम मुंग्यांच्या वाटेवर ठेवला. मुंग्या आल्या. पुड्यावर चढल्या, शिवणीवरून फिरल्या, खाली उतरल्या, पुन्हा चढल्या. आत जायची वाट काही त्यांना सापडली नाही. बिबीजान गालाला हात लावून त्यांच्याकडं पाहत बसली. मुंग्या बघून इतका आनंद कुणाला झाला नसेल.

बायडाक्काला ही बातमी शेजारणीकडून कळली असणार. एके दिवशी भडंगाची बुट्टी डोक्यावर घेऊन ती दारात हजर. "माज्या दारात यिऊ नगंस म्हनलंतं मी. तुज्या दारात मी येनार न्हाय, आसं कुटं म्हनलंतं?" आणि बसकण मारून म्हणाली, "भर पुडं. मीबी इस्त्री दाबते."

भाद्रपदातल्या एका रविवारी बिबीजान पुन्हा डोंगर चढली. ज्ञानूच्या दुकानात गर्दी होती. सुतळीवर प्लास्टिक लटकत होतं.

"न्हाय भाभी," तो तिला पाहताच म्हणाला. "पाया पडतो. माज्यानं पुन्ना त्यो ताप न्हाय हुयाचा."

बिबीजान वाद घालायला आलीच नव्हती. तिनं पुडा काढला. सगळ्यांच्या देखत शिवण दातात धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडली. मग फाटलेली कड तोडून तोंडात टाकली, सावकाश चावली आणि गिळली. उरलेला पुडा ज्ञानूपुढं धरला.

ज्ञानू तिच्या तोंडाकडं पाहत राहिला. मग त्यानं चार दाणे तोंडात टाकले. आवाज झाला. त्यानं एक खिळा घेतला, नारळानं ठोकला आणि पहिला पुडा त्यावर टांगला.

"पावनं, भडंग घ्या की," त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

त्या माणसाच्या कडेवर एक पोर होतं. पोरानं पुडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि टोक थेट दाताखाली नेलं. बिबीजानचा हात एकदम पुढं गेला. मग तिनं तो मागं घेतला आणि पदरात धरून ठेवला.

कोल्हापूरची एस.टी. सुटत होती. कंडक्टर हाका मारून थकला. बिबीजान पोराच्या तोंडाकडं पाहत तिथंच उभी होती.