चोरखमाऱ्याच्या टाकीचा धागा

मी एक धागा बोलतोय. लुगड्याचा नव्हे, इंटरनेटवरचा. उंच इमारतींचं वेड असलेल्या लोकांची एक वेबसाइट आहे. तिथे एकेका टॉवरच्या नावाने एकेक पान उघडतात, त्याला धागा म्हणतात. बांधकाम जसं वर चढेल तसे लोक फोटो टाकतात आणि मजले मोजत बसतात. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

माझा जन्म २००७ सालचा, तिरोड्याच्या एका सायबर कॅफेतला. जवळच्या चोरखमारा गावची रविता तिरोड्याला कॉलेजला यायची. तिने माझं नाव ठेवलं, 'चोरखमारा: पाण्याची टाकी, काम चालू'. आजूबाजूला ऐंशी-ऐंशी मजल्यांचे धागे आणि मध्ये मी. मुंबई-पुण्याचे सभासद पोट धरून हसले. एकाने विचारलं, लिफ्ट आहे का? रविताने लिहिलं, शिडी आहे, या चढायला.

मी लाजलो नाही. लाजायचं कशाला? गावाशेजारी एवढा मोठा तलाव, पण त्याचं पाणी धानाच्या शेतीला. प्यायच्या पाण्यासाठी बाया हापशीवर ताटकळायच्या. अशा गावाला टाकी म्हणजे टॉवरच.

टाकीचे खांब उभे राहिले आणि ठेकेदार गायब झाला. तरी रविता दर बाजाराच्या दिवशी फोटो टाकायची. तेच खांब, त्यांच्यावर बसलेले तेच बगळे. तिचे वडील जियालाल कुरकुरायचे, की नुसत्या खांबांचे कितीदा फोटो काढशील. ती ऐकते कुठली!

शेवटी मॉडरेटर, म्हणजे आमच्या वेबसाइटचा मुकादम, माझ्याकडे आला. बारा मजल्यांखालच्या बांधकामाला इथे जागा नाही, त्यात कामही बंद, तेव्हा आठवड्याभरात कुलूप लावतो, असं त्याने बजावलं. कुलूप लागलं की धाग्यात कुणालाच काही लिहिता येत नाही. माझं मरणच ते.

तेव्हा मंदी आली होती. सगळ्यांचा लाडका, ऐंशी मजल्यांचा मुंबईचा टॉवरही विसाव्या मजल्यावर गंजत उभा होता. रविताने त्याचा फोटो माझ्यात आणून लावला, शेजारी आमचे खांब. खाली आपल्या बोलीत लिहिलं, "काम तुमचंबी बंद, आमचंबी बंद. तुमी वाट पाहून राहिले, आमीबी पाहून राहिलो. मंग कुलूप आमालेच काऊन?"

आधी हसलेल्यांपैकीच काहींनी लिहिलं, राहू दे तो धागा. आणि मी राहिलो.

२०१० साली नवा ठेकेदार आला, टाकी पुरी झाली. पहिल्याच दिवशी ती भरून वाहिली. माझ्यातल्या शेवटच्या फोटोत जियालाल तिच्याखाली चिंब भिजून उभे आहेत, तोंड वर करून. ते काय म्हणाले तेही रविताने खाली लिहिलंय: "काढ वो माय, आता काढ फोटो."

आता आमची वेबसाइट ओस पडली आहे. माणसं फेसबुकवर गेली. जुने धागे बंद करणार, असं ऐकतो. खुशाल करा. फक्त मला कुलूप घालण्याआधी शेजारच्या धाग्यात डोकावून या. तो टॉवर अजून विसाव्या मजल्यावरच आहे. आमच्या गावात नळाला पाणी येतं.