आठव्या खणातला जावई

मी जावईबापू बोलतोय. दचकू नका, हे मला पडलेलं नाव आहे. खरं तर मी एक क्षेपणास्त्र आहे, आणि तेही खोटं. वजन, लांबी, घाट सगळं खऱ्यासारखं, पण पोटात स्फोटकांऐवजी वाळू आणि सिमेंट. खरी क्षेपणास्त्रं जहाजाच्या खणांत कशी उतरवायची, याचा सराव माझ्यावर चालायचा. क्रेननं अलगद उचलायचं, दोर धरून खणात सोडायचं, पुन्हा बाहेर काढायचं. एवढी सरबराई आणि काम शून्य! म्हणून जावईबापू.

नाव ठेवलं सराव घेणाऱ्या मास्तरांनी. "अरे सावकाश! जावईबापू रुसतील!" असं ओरडायचे. जाताना माझ्या पाठीवर एक थाप मारायचे. तेवढीच काय ती माया. एरवी बंदरावरच्या शेडमध्ये मी एकटाच.

एका दुपारी जहाजाला तातडीनं निघायचा हुकूम आला. सात खण भरले. आठव्यात सकाळच्या सरावाचा मी होतो. मला काढून तिथे खरं क्षेपणास्त्र ठेवायचं होतं. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. त्यांच्या खऱ्या जावयाचा.

"बाबा, मुलगी झाली! आजोबा झालात तुम्ही!"

मास्तर डोळे पुसत भेटेल त्याला सांगत सुटले, आणि मला काढायचं राहूनच गेलं. खणांची झाकणं वरून सगळी सारखीच.

तिसऱ्या दिवशी भर समुद्रात क्षेपणास्त्रं डागायचा हुकूम सुटला. एकामागून एक सातही गेली. जहाज हादरत होतं. मग माझी पाळी आली. बटण दाबलं, मी जागचा हललो नाही. पुन्हा दाबलं. तेव्हा मला फार लाज वाटली.

जहाज परतल्यावर मला पुन्हा शेडमध्ये आणलं. चौकशी झाली, मास्तरांची नोकरी गेली. जाण्याआधी ते शेडमध्ये आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"त्या सात ठिकाणचं ऐकवत नाही हो," ते म्हणाले. "जावईबापू, तुम्ही काही केलं नाहीत, तेच बरं केलंत."

त्या दिवशी त्यांनी थाप मारली नाही.

आता सराव संगणकावर होतो. मी कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असतो. फार एकटं वाटतं. आठव्या खणातून जिथे जाऊन पडायचं होतं, तो आठवा पत्ता सारखा मनात येतो. तिथे आत्ता कुणी कपडे वाळत घालत असेल, कुणी नातीला मांडीवर घेऊन बसलं असेल. जावई म्हणवतो खरा, पण मला जायचं होतं ते एकुलतं एक घर कुणाचं, हेही ठाऊक नाही.

तुमच्यापैकी कुणी तिकडून आलंच, तर ही ताडपत्री जरा उचला आणि तिथली खुशाली तेवढी सांगा.