शून्यांची चाचणी

"सर, तुमच्या कुसुमनं नव्या मशीनला धूळ चारली!"

ऋचा खुर्चीतून जवळजवळ उडाली. श्यामसुंदर आपट्यांनी पडद्यावरचा वेगाचा आकडा पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

कुसुम म्हणजे हिंजवडीतल्या या ऑफिसचा सगळ्यात जुना सर्व्हर. जो मशीन उभं करील त्यानं घरातलं नाव द्यायचं, असा इथला रिवाज. आपट्यांनी बायकोचं दिलं होतं. वरून ठरलं होतं : दोन्ही मशीनची चाचणी घ्यायची, ज्याची डिस्क हळू, ते आज बंद. आपटे दिवाळीला निवृत्त होणार होते. तोवर ती चालावी, आपल्या हातानं बंद करायची वेळ येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि ती जिंकली होती.

(मध्येच फोन. नारायण पेठेतून, खरी कुसुम.)

"दुपारची गोळी घेतलीत?"

"घेतली."

"इतक्या पटकन उत्तर आलं म्हणजे नाही घेतलीत."

"कामात आहे गं."

"असू दे. सवतीला नमस्कार सांगा."

गोळ्यांचं पाकीट डब्याच्या पिशवीत तसंच होतं.

इतक्या पटकन.

त्यांनी पुन्हा आकड्याकडे पाहिलं. ही डिस्क नवी होती तेव्हासुद्धा एवढी पळाली नव्हती.

"ऋचा, चाचणीच्या फाइलमध्ये भरलं काय होतंस?"

"नुसती शून्यं. दोन्हीकडे सेम."

"सेमच. पण हिची सिस्टिम वेगळी. लिहिण्याआधी डेटा दाबून लहान करते. सगळी शून्यंच असली तर डिस्कवर जवळजवळ काही लिहीतच नाही. मीच तसं सेट केलंय. नव्या बिचाऱ्यानं एकेक शून्य लिहिलं."

ऋचानं आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाली, "रिपोर्टमध्ये हाच आकडा गेला तर? कोण बघतंय, सर?"

"मग सगळ्या ऑफिसचं काम हिच्यावर टाकतील. अडकलं की शिव्या हिलाच. या वयात? नको. खरा डेटा भर."

भरला.

कुसुम
हरली.
बरीच.

बंद करायची आज्ञा आपट्यांनी स्वतः टाइप केली. ऋचा बाटलीत पाणी भरून आणायला गेली. बाटली भरलेलीच होती. पंखे थांबेपर्यंत ते पत्र्यावर तळवा ठेवून उभे राहिले. पत्रा कोमट होता.

कंपनीच्या बसमध्ये त्यांनी गोळी घेतली आणि घरी फोन लावला.

"घेतली."

 "ही खरी वाटते. आवाज का असा येतोय?"

"ट्रॅफिक आहे."

मांडीवर डबा होता. सर्व्हरवरून सोलून आणलेली नावाची पट्टी त्यांनी झाकणावर अंगठ्यानं दाबून बसवली. एक कोपरा सारखा उचलला जात होता.